रंगाऱ्याचा अंगठा

“दिसत नाही. चौथ्यांदा सांगते, आता तरी लिही.”

“खाला, सगळ्यात खालची ओळ सांगितलीत तुम्ही. वर्षभरात या खोलीत कोणी सांगितली नसेल.”

“सांगितली. पाहिली कुठे?”

“न पाहता बरोबर आली?”

“त्याने दाखवली, मी हात फिरवला. त्याची करामत तुझ्या नावावर घेऊ नकोस आणि माझ्याही माथी मारू नकोस.”

डॉक्टर वग्दीने पेन टेबलावर टाकलं. दुपारचे तीन वाजले होते, पण बाहेर खमसीन, वाळवंटातला वाळूचा वारा, सुटला होता आणि झडपांच्या फटींतून आत येणारा उजेड हळदीच्या पाण्यासारखा पिवळा होता. वाळू सगळीकडे शिरली होती. बोलताना दाताखाली करकरत होती. नर्स फर्याल दाराला पाठ लावून उभी होती, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून. निदान ती तसं म्हणाली होती.

बहीगा स्टुलावर ताठ बसली होती. काल संध्याकाळपर्यंत ती या डॉक्टरला ‘तुम्ही’ म्हणत होती. वयाने तो तिच्या धाकट्या लेकाएवढा, पण तिचा डोळा त्याच्या हातात होता, म्हणून मान दिला होता. आज सकाळी तो मान तिने परत घेतला.

या बाईची गोष्ट अशी. नाईलकाठच्या त्या गावात बहीगा पन्नास वर्षं भाकरी भाजत आली. कणकेचे गोळे मातीच्या थाळ्यांवर मांडून उन्हात फुगवायचे आणि मग भट्टीत सारायचे. शाळेत तिला कोणी घातलं नाही. भाकरी गुंडाळायला रद्दी यायची, तीवरून ती वाचायला शिकली. त्यातही मृतांचं पान आधी, कारण त्या पानावरची माणसं तिच्या ओळखीची असायची. नाव ठाऊक असलं की अक्षर सापडतं. कोण गेला, कोणाचा बाप, कोणाचा मामा, असं करत करत तिला सगळी अक्षरं आली. मग तिला कोणी थांबवू शकलं नाही. भावाने जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा मागितला, तेव्हा तिने कागद वाचून काढला आणि फाडून त्याच्या हातात दिला.

पण लहानपणी खुपऱ्या झाल्या होत्या. पापण्यांचे केस आत वळलेले, आयुष्यभर बुबुळावर घासत राहिलेले. डाव्या डोळ्यात फूल पडलं तेव्हा ती चाळिशीची होती. उजव्यात पडलं त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं ती भट्टीचा जाळ गालांनी ओळखून भाकरी काढत होती. हात एकदाही भाजला नाही. वाचता मात्र येत नव्हतं. कोण मेलं ते लोक सांगतील तेवढंच कळायचं, आणि लोक नीट सांगत नाहीत.

म्हणून ती भाकऱ्यांची टोपली घेऊन, सुनेचा हात न धरता, इस्पितळाच्या पायऱ्या चढली. डॉक्टर म्हणाला, बुबुळावरची पांढरी झालेली चकती कापून काढू आणि दुसऱ्याची स्वच्छ चकती शिवू. ती म्हणाली, “कोणाची?” तो म्हणाला, “दिलेली असते, खाला. राजीखुशीने.” तिने मान डोलावली. रविवारी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. सुई टोचून डोळा बधिर केला होता, पण बहीगा जागी होती. तिला कात्रीचा आवाज ऐकू आला. बारीक, ओला.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी आली. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या.

त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर वॉर्ड शांत झाला, तेव्हा तिला वास आला. आंबूस, शिळा, नाकात बसणारा. हा वास तिला ठाऊक होता. रंगाऱ्यांच्या आळीतून जाताना निळीच्या रांजणांना येतो तो. मग आवाज. टप्. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा… टप्. खाटेच्या अगदी बाजूला.

“कोण आहे?”

टप्.

“हा बायकांचा वॉर्ड आहे. कोणाचा नवरा आहेस तू?”

टप्.

“बसायचं तर बस. पण ठिबकू नकोस, मघाशीच फरशी पुसलीय बायांनी.”

ठिबकणं थांबलं. वास गेला नाही. दोन दिवस तो तिथेच होता, उशाशी, आणि बहीगा त्याच्याकडे पाठ करू शकत नव्हती, कारण डोकं हलवायला बंदी होती. भीती वाटली का? वाटली. पण दुसऱ्याच्या भीतीला ती कधी वाव देत नसे, तसा स्वतःच्याही दिला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणातली अर्धी भाकर तिने त्या बाजूच्या टेबलावर ठेवली. उठल्यावर हाताने चाचपली. भाकर तशीच होती, फक्त एका बाजूने ओली.

आज बुधवारी सकाळी पट्टी सुटली.

समोर धुकं होतं. हमामखान्यात शिरल्यावर वाफेत काही दिसू नये, तसं. डॉक्टरने तिची हनुवटी यंत्रावर टेकवून डोळ्यात उजेड सोडला आणि त्याचा श्वास मध्येच अडला. “चकती धुरकटलीय,” तो फर्यालला हळूच म्हणाला. बहीगाचे कान काही आंधळे नव्हते.

तरी त्याने तिला तक्त्यासमोर बसवलं. उद्या कैरोहून मोठे प्राध्यापक येणार होते आणि त्याला आकडा हवा होता. तक्ता कड्यांचा. ओळीने कडी काढलेली, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली, आणि प्रत्येक कड्याला एका बाजूने खाच. खाच ज्या बाजूला असेल त्या बाजूला पेशंटने हात करायचा. अक्षर येवो न येवो, हात सगळ्यांना असतो.

बहीगाला तक्ता दिसला नाही. भिंतही दिसली नाही. पण धुक्यात एक गोष्ट लख्ख दिसली, सात वर्षांत काही दिसलं नव्हतं इतकी लख्ख. एक हात. कोपरापर्यंत निळा, नखांच्या कडा काळ्या पडलेल्या, आणि बोटांच्या टोकांवरून थेंब उतरत होते. फर्यालची छडी तक्त्यावर आपटली की तो हात वळायचा. वर. उजवीकडे. खाली. बहीगाला वाटलं, इस्पितळाने समजावून द्यायला माणूस ठेवलाय. तो करेल तसं ती करत गेली. डॉक्टर खुर्चीतून उठला, फर्यालला छडी एकेक ओळ खाली न्यायला सांगत राहिला, आणि शेवटी त्याने कागदावर असा आकडा लिहिला की जो त्याला स्वतःला चष्मा लावूनही मिळाला नसता.

नंतर फर्याल तिचं तोंड पुसायला आली.

“पोरी, तो निळ्या हाताचा कोण ठेवलाय तक्त्यापाशी? पगार तरी देता का त्याला?”

फर्यालच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. पाणी बहीगाच्या पायांवर आलं.

“कुठवर निळा?” फर्यालने विचारलं.

“कोपरापर्यंत.”

मग फर्याल खाटेच्या कडेवर बसली आणि तिने सगळं सांगितलं, इतक्या हळू की बहीगाला पुढे वाकावं लागलं. शहात नावाचा रंगारी. खालच्या मजल्यावर, चौदा नंबरची खाट. मूत्रपिंडं गेली होती. रविवारी सकाळी वारला. बायको कफनाचं कापड आणायला गेली होती. डॉक्टरने दोन्ही डोळे काढले आणि पापण्यांखाली कापूस भरला. मग कागद पुढे आला, राजीखुशीचा, आणि त्यावर अंगठा हवा होता.

“मेलेल्याचा?”

“मीच मनगट धरलं होतं, खाला. हात ताठ व्हायला लागला होता. मी दाबला.”

बहीगाने ओले पाय खाटेवर ओढून घेतले.

“मयताला अंघोळ घालणाऱ्याच्या हाताला कापूस लागला. बायको काल विचारायला आली. डॉक्टरांनी फाटकावरूनच परत पाठवली. आजही आलीय. या वाळूत फाटकापाशी बसलीय.”

तर भांडण कशावरून चाललं होतं, ते आता समजलं असेल.

“खाला,” डॉक्टर वग्दी आता मऊ आवाजात म्हणाला, “सात वर्षं अंधारात होता तुम्ही. नजर परत येते तेव्हा मन असे खेळ करतं. तुम्ही बघताय, फक्त बघताय हे तुम्हाला कळत नाही.”

“असं? मग तक्ता भिंतीकडे फिरव.”

“काय?”

“तोंड भिंतीकडे. मन खेळ करतंय ना? बघू कोणाचं.”

तो हसला. कपाटातून त्याने नवा तक्ता काढला, प्राध्यापकांसाठी मागवलेला, अजून गुंडाळी न उलगडलेला. उलटाच खिळ्याला अडकवला. त्यालाही त्यावर काय आहे ते ठाऊक नव्हतं.

“शेवटची ओळ,” तो म्हणाला.

बहीगाने समोर पाहिलं. हात होता. पण सकाळी होता तिथे, भिंतीपाशी नव्हता. अलीकडे आला होता, टेबलाच्या कडेशी. तो वळला तसा तिने आपला हात वळवला. डावीकडे. वर. वर. उजवीकडे. खाली. डावीकडे. खाली. उजवीकडे.

“बघ गं,” ती फर्यालला म्हणाली.

फर्यालने तक्त्याचं टोक उचललं आणि बॅटरी आत धरली. ती ओठांनी मोजत होती. मग तिने टोक सोडलं, दारापाशी परत गेली आणि मान डोलावली. आठही बरोबर.

टप्.

या वेळी तो आवाज फर्यालनेही ऐकला. तिने खाली पाहिलं, मग झटकन वर.

एखादा शहाणा माणूस इथे घाबरला असता. डॉक्टर वग्दी घाबरला नाही. बहीगा पुढे आयुष्यभर म्हणत राहिली की त्या खोलीत तिला खरी भीती त्याचीच वाटली. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, “उद्या प्राध्यापकांसमोर हेच करा. तक्ता सुलटा असेल, एवढाच फरक.”

“आणि चकती धुरकट आहे ते?”

“ते बघणारा मी आहे. ऐका. दुसरा डोळा थंड पेटीत आहे. उद्यापर्यंत टिकेल, पुढे नाही. या वेळी हात स्वतः प्राध्यापक घालतील, धुरकटणार नाही. तुमच्या डाव्या डोळ्यात बसवू. खरंखुरं दिसेल, खाला. पेपर वाचाल. फक्त या कागदावर अंगठा द्या.”

“कागदात काय आहे? फर्याल, वाच.”

फर्यालने डॉक्टरकडे पाहिलं, मग वाचलं. उजव्या डोळ्याने स्वच्छ दिसतं. तक्रार नाही. चकती दात्याच्या राजीखुशीने मिळाल्याचं मला ठाऊक आहे.

“शेवटची ओळ वाचणारी बाई अंगठा कशाला देईल?” बहीगा म्हणाली. “मला सही येते. पण कागदच दिसत नाही तर करू कुठे?”

डॉक्टरने दात चावल्याचा आवाज आला.

आणि तरीही तिच्या मनात ते पान आलं. रद्दीचा वास, काळ्या चौकटी, नावं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आणखी किती वाचायला मिळणार होतं? पाच वर्षं? त्या पाच वर्षांसाठी तिचा जीव तुटत होता. तिने ते कोणापासून लपवलं नाही, स्वतःपासूनही नाही.

“मला हवा आहे तो डोळा,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? पण फाटकावरची बाई वर बोलव. तिला खुर्ची दे, पाणी दे आणि माझ्यासमोर विचार. ती हो म्हणाली तर मी दोन्ही डोळे तिच्या नावाने वापरीन. नाही म्हणाली तर हाही काढून तिला दे. पुरू दे तिला.”

“तिला विचारलं तर उद्या सगळं गाव फाटकावर येईल.”

“येऊ दे. भाकरी मी पुरवते.”

“तुम्ही नाही म्हणालात तर औषधाचे थेंब बंद. चकती आठवड्यात सडेल. पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही.”

“नाही ठेवत. भट्टीपर्यंतची वाट मला पाठ आहे.”

त्याने तिचं मनगट धरलं. शाईच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. बहीगाने मूठ आवळली. पन्नास वर्षं कणीक मळलेली मूठ ती. त्याने एक बोट सोडवलं की दुसरं मिटत होतं. बाहेर वाऱ्याने काहीतरी लोखंडी पाडलं. खोलीतला पिवळा उजेड तपकिरी झाला. आणि वास आला… आंबूस, शिळा, आता इतका जवळ की डॉक्टरनेही नाक आक्रसलं.

टप्. टेबलापाशी.

टप्. खुर्चीपाशी.

मग थांबलं.

“डॉक्टर…” फर्याल म्हणाली. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या खांद्याकडे पाहत होती. तिथे एक डाग उमटला होता, अंगठ्याएवढा, निळा. त्याच्या रेषा दिसत होत्या. ती पाहत असतानाच तो कापडात पसरत चालला होता.

“काय बघतेस? काय झालं?”

फर्यालने नुसतं त्याच्या खांद्याकडे बोट केलं. डॉक्टरने मनगट सोडलं नव्हतं, पण त्याची पकड सैल झाली होती, आणि तो वळून पाहत नव्हता. बहीगाने मान वर केली. धुक्यात तिला डॉक्टर दिसत नव्हता. कोपरापर्यंत निळा तो हात तेवढा दिसत होता, आणि डॉक्टरचा आवाज येत होता तिथेच त्याचा अंगठा टेकला होता.

“घे त्याचा अंगठा, डॉक्टर,” ती म्हणाली, “या खेपेला मनगट कोणी धरलेलं नाही, तो आपल्या मर्जीने देतोय.”