तळमजल्यावरची प्रत

ताईनं डोळ्यांच्या दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि थेट विद्यापीठाचं ग्रंथालय गाठलं. काम साधंच होतं. धाकट्या भावाचा प्रबंध शोधायचा, जमलं तर आईसाठी त्याची प्रत मागायची. भूजलावर अभ्यास करणारा तो पोरगा प्रबंध देऊन आला आणि त्याच आठवड्यात एका पडक्या विहिरीचं पाणी मोजताना आत गेला. गळ टाकले, पंप लावले. हाती काही लागलं नाही. तेव्हापासून आईची नजर विझतच गेली. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत औषध घालणाऱ्या ताईला घरचा अंधार काही हटवता येईना.

"वाचता येणार नाही, पण हात तरी फिरवीन गं," एवढंच आईचं मागणं.

संगणकावर ताईनं त्याचं पूर्ण नाव टाकलं, शीर्षक टाकलं. एकही नोंद नाही. जणू तो जन्मालाच आला नव्हता.

ग्रंथपाल बाई उठून जवळ आल्या. "सगळंच एकदम टाकलं की गाडं अडतं. एखादी वेलांटी चुकली तरी काही मिळत नाही. शीर्षक काढा, नुसतं आडनाव ठेवा."

शेकडो नोंदी आल्या.

"आता चाळत या. विषय टाका. आता फक्त प्रबंध. आता साल."

एकेका शब्दासरशी यादी आटत गेली. शेवटी एकच ओळ उरली, भावाच्या नावाची. ताईनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही.

नावाखाली लिहिलं होतं : तळमजला. वाचकाकडे.

"असं कसं?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "ओल आल्यापासून तळमजला बंद आहे. किल्ली माझ्याकडेच असते."

दोघी खाली उतरल्या. वर लख्ख दुपार होती, पण जिना वळला तसा उजेड मागेच राहिला. बाईंनी कुलूप काढलं. आत कुजक्या कागदाचा आणि शेवाळाचा वास कोंडला होता. कपाटांच्या रांगांमधून कुठंतरी थेंब पडत होते, सावकाश, खोलवर पडावेत तसे.

टोकाच्या टेबलाशी एक खुर्ची ओढलेली होती. पुढ्यात प्रबंध उघडा पडला होता. पाणी पिऊन फुगलेला, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई ओघळून गेलेली. ताईनं पान सोडवायला जावं तर त्याचा लगदा बोटांना लागे. त्याचं एक अक्षरसुद्धा वाचता येईना.

"नळ फुटला असेल," बाई पुटपुटल्या. वर मात्र त्यांनी पाहिलं नाही. छत कोरडं होतं.

तेवढ्यात कपाटांच्या मागून, अगदी हळू...

"ताई... आईला इकडं आणू नकोस."

ताई गर्रकन वळली. "बाई... ऐकलंत?"

"काय?"

"बाळा..." ताईनं अंधारात हाक मारली. "कुठं आहेस रे?... एकदा तरी..."

नुसते थेंब पडत राहिले. बाईंनी तिचा दंड धरून तिला वर आणलं. ती रडलीही नाही. रडायला काहीतरी उरावं लागतं.

घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. आई उंबऱ्याशी चपला घालून उभी होती, केस नीट विंचरलेले. कित्येक महिन्यांत ती अंथरुणातून आपणहून उठली नव्हती.

"प्रत नाही मिळाली गं," ताई म्हणाली.

"ठाऊक आहे." आईच्या चेहऱ्यावर हसू होतं. "तो सांगून गेला ना आत्ताच. म्हणाला, ताई येईल, तिच्याबरोबर ये... चल."

"आई, तो असं म्हणणार नाही... कोण आलं होतं?"

आईनं ताईचा हात घट्ट पकडला. आईचा हात बर्फासारखा गार होता. कोपरापर्यंत ओला, आणि नखांत हिरवं शेवाळ.