तुटक्या भुवईचा बाहुला

माझं नाव लोरेन्झो. त्यामुळे दर ऑगस्टात, संत लोरेन्झोच्या दिवशी, आमच्या गच्चीवरून गावासाठी वस्तू उधळायचा मान माझा. मागे एकदा मी फेकलेलं कलिंगड पुढच्या वर्षी खाली आलं... पिकून.

त्या दिवशी भट्टीतले पाव, साबण, कणसं असं सगळं उडत होतं. टोपली संपली तशी मी शेजारची उचलली. आत पाहिलं नाही. म्हणजे, थोडंसंच पाहिलं.

"मामा, ती नको—" माझी भाची सेफेरिना धावली. तोवर बाहुला सुटला होता.

सेफेरिना बाहुल्या शिवते. एका खांद्यावरचा काळा झगा, विणलेला लाल पट्टा, पांढरे कातडी जोडे. सगळ्या बायकाच. हा एकटाच पुरुष, आणि त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली. तशी भुवई गावात एकाचीच, सिप्रियानोची. आणि बाहुला झेलला नेमका त्यानेच.

"मामा, परत मागा ना."

"झेललेलं परत मागत नाहीत, पोरी."

ती शिडीवरून दणदण उतरली, मिरचीसारखी लाल होऊन.

"दे इकडे. तो विकायचा नव्हता."

"मी कुठे विकत घेतला? आभाळातून पडला." सिप्रियानोने बाहुला उलटासुलटा केला. "याच्या भुवईला काय झालं?"

"दोरा संपला."

"डाव्याच भुवईला?"

"...हो."

"आणि नाक एवढं मोठं?"

"आहे तेवढंच केलंय," ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

तो हसला नाही. "जोडे मात्र चुकलेत."

"मला जोडे जमत नाहीत."

"मला जमतात."

त्याने पिशवीतून हरणाचं मऊ कातडं काढलं आणि तिच्या पायाशी पसरलं. "वर्षभर घेऊन फिरतोय. विचारायला... जमलं नाही. पाय ठेव. माप घेतो."

आमच्यात पुरुष बाईसाठी जोडे शिवतो, ते तिच्याशी लग्न करायचं असेल तरच. भिंतीवरची मुंगी शिंकली, तीही मला ऐकू आली.

उधळण संपली की पाऊस यावा म्हणून गर्दीवर पाणी ओतायचं असतं. बादली माझ्या हातात तयार, कलंडलेलीच.

सेफेरिनाने चप्पल काढली. कातड्यावर पाय ठेवला, मग वर पाहिलं.

"मामा, जरा थांबा. कातडं भिजेल."

माझा हात थांबलेला गावाने तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.