न हलणारा दिवा

आकाशगस्त केंद्राचा नागरिक-नोंदी कक्ष म्हणजे एक टेबल, एक पडदा आणि डॉ. अनुराधा डहाके. आकाशात काही विचित्र दिसल्याचं कुणी कळवलं की त्याची शहानिशा करायची, हे त्यांचं काम. शंभरातले नव्व्याण्णव दिवे शुक्राचे, ड्रोनचे किंवा लग्नात सोडलेल्या कागदी कंदिलांचे निघत. जयगडच्या भिकाजी डोर्लेकरांची नोंद मात्र त्यांनी तीनदा वाचली.

'सूर्य बुडाल्यावर समुद्रावर एक दिवा दिसतो. रोज मोठा होतो. अजिबात हलत नाही, म्हणून कळवतो आहे.'

हलणाऱ्या दिव्यांना घाबरणारे खूप भेटले होते. हा माणूस न हलणाऱ्याला घाबरला होता.

केंद्रप्रमुख डॉ. हुपरीकरांनी पडद्याकडे नजर टाकली. "आपल्या चाळणीने तो केव्हाच नोंदवलाय. नवतारा. एखादा तारा अचानक भडकतो, तसला. क्षितिजाला इतका टेकलेला आहे की वर्णपटही धड मिळत नाही. उत्तर पाठवा आणि प्रकरण मिटवा."

आकाश-चाळणी म्हणजे केंद्राची संगणक प्रणाली. दुर्बिणींनी टिपलेली छायाचित्रं ती एकावर एक ठेवी. जो ठिपका सरकला तो लघुग्रह किंवा धूमकेतू. तो शास्त्रज्ञांपुढे जाई. जो जागचा हलला नाही तो तारा. तो स्थिरयादीत पडे आणि पुन्हा कुणी बघत नसे.

डहाके तरीही जयगडला गेल्या.

भिकाजी एकाहत्तर वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी तांडेल म्हणून मासेमारीची लाँच चालवली होती. सूर्य बुडाला तसे त्यांनी लाँचवरची जुनी दुर्बीण डहाकेंच्या हातात दिली.

"त्या दोन ताऱ्यांच्या खाली बघा, मॅडम. बारा दिवस झाले. शुक्र सरकतो, गुरू सरकतो. ह्यो तिथल्या तिथं. नुसता मोठा होतोय."

"तांडेल, जागचा हलत नाही म्हणूनच तो तारा आहे."

"जमिनीवरची माणसं असंच म्हणायची." भिकाजी धक्क्यावर बसले. "समुद्रात दुसऱ्या बोटीचा दिवा दिसला की आपण काय बघतो? तो पुढं सरकला तर पुढून जाणार, मागं सरकला तर मागून. आणि एकाच जागी राहून मोठा होत गेला तर?"

डहाकेंनी उत्तर देण्याआधीच भिकाजींनी सांगून टाकलं. त्यांचा धाकटा भाऊ अर्जुन एकदा सुकाणूवर होता. मोठ्या जहाजाचा दिवा बराच वेळ एकाच जागी दिसला, म्हणून जहाज नांगरून उभं आहे असं त्याला वाटलं. लाँचचे दोन तुकडे झाले. भिकाजी लाकडी फळीला धरून वाचले. अर्जुन सापडला नाही.

"गाव हसतं मला. म्हणतं, तांडेल म्हातारपणी आभाळाला भ्यायला लागला. तुम्ही पण हसा, पण मोजून हसा."

परतीच्या गाडीत डहाकेंना हसू आलं नाही. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक पृथ्वीची, एक दिव्याची. रेघा एका बिंदूत मिळणार असतील, तर अखेरच्या काही आठवड्यांत पृथ्वीवरून पाहणाऱ्याला ती वस्तू ताऱ्यांमध्ये जवळजवळ एकाच जागी दिसणार. म्हातारा बरोबर सांगत होता. जे अंगावर येतं, नेमकं तेच चाळणी तारा समजून फेकून देत होती.

"हे तपासायचं कसं?" हुपरीकरांनी विचारलं. आता त्यांचा आवाज बदलला होता.

"डोळ्यांसमोर बोट धरा. एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट सरकल्यासारखं दिसतं, लांबचं झाड नाही. पुणे आणि लडाख हे आपले दोन डोळे. एकाच क्षणी दोन्हीकडून छायाचित्र घेऊ. तारा असेल तर जागा तीच दिसेल."

जागा तीच दिसली नाही. तो तीन किलोमीटर व्यासाचा धूमकेतू होता, पृथ्वीपासून जेमतेम सहा दिवसांच्या अंतरावर. शेपूट आपल्याच दिशेला असल्यामुळे दिसत नव्हती.

जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. छत्तीस तासांनी गणित पक्कं झालं. साध्या डोळ्यांना तो स्थिर वाटत असला तरी किंचित सरकत होता, रोज केसभर. त्या केसभराचा अर्थ होता पावणेदोन लाख किलोमीटर. तेवढ्या अंतरावरून तो पृथ्वीजवळून निघून जाणार होता.

केंद्रात लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. डहाकेंनी जयगडला फोन लावला.

"म्हंजे माझा दिवा चुकला," भिकाजी म्हणाले.

"चुकला, तांडेल. बाजूनं जाणार."

"बरं झालं. हसू देत लोकांना." मग त्यांनी विचारलं, "पण हा थोडा तरी सरकत होता ना? तरी तुमच्या यंत्रानं टाकला. मग बिलकूल न सरकणारे किती टाकले असतील?"

डहाकेंनी फोन ठेवला. मग त्यांनी स्थिरयादी उघडली.

महिन्याभरात नव्याने आलेले ठिपके बेचाळीस होते. पुणे आणि लडाख इथून त्यांनी एकेक तपासायला घेतले. चाळीस खरोखरच तारे निघाले. एक छायाचित्रातला डाग होता. उरला अतिशय मंद, मोठ्या दुर्बिणीलाच दिसणारा एक ठिपका. चाळणीने त्याला 'अनियमित तारा' असं नाव दिलं होतं. एकोणीस दिवसांत तो केसभरही सरकला नव्हता.

सत्तर मीटरचा दगड. आदळायला नऊ दिवस.

त्याला वळवायला वेळ नव्हता. तो कुठे येणार एवढं मात्र अचूक सांगता आलं: दूरच्या एका परक्या देशातलं पठार, तिथलं अकरा हजार वस्तीचं खाणकामगारांचं गाव. तिथल्या सरकारला पटवण्यात दोन दिवस गेले. पाचव्या दिवशी बस निघू लागल्या. आठव्या दिवशी गावात चिटपाखरू उरलं नाही.

मधल्या काळात धूमकेतू येऊन गेला. शेपूट फुलली, जयगडच्या धक्क्यावर जत्रा भरली, भिकाजींचा सत्कार झाला. सगळं जग त्या प्रकाशाचे फोटो काढत होतं.

दगड भर दुपारी आला. पठारावर दहा किलोमीटर उंचीवर फुटला. गावातली एकही भिंत उभी राहिली नाही. माणूस एकही गेला नाही.

डहाकेंनी पुन्हा फोन केला तेव्हा भिकाजी जाळं विणत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती माणसं आता राहतील कुठं?"

"तंबू दिलेत. घरं नव्यानं बांधतील."

"थंडी असंल तिकडं," भिकाजी म्हणाले, आणि सुनेला हाक मारून घरातली जास्तीची घोंगडी तिकडे पाठवता येतील का, ते विचारू लागले.