बेहडाटोल्याची चौकट

शेकोटी जरा सारून घ्या, आणि मधे कोणी उठू नका. हे मी पाहिलेलं नाही. पण ज्याच्यावर गुजरलं त्यानं माझ्या ओसरीवर बसून, पुढ्यातला चहा गार होईपर्यंत सांगितलेलं आहे, आणि तो थापा मारणारा माणूस नाही. अश्विन रामटेके. माझ्या साळ्याचा मुलगा. गोंदियात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. घर बाबासाहेबांना मानणारं; भूतखेत हा विषय त्याच्या बापानं उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नाही.

२००९ साल. डिसेंबरची बारा तारीख, शनिवार. सकाळीच अश्विन बाजारात शिधा घ्यायला गेला. दोन दिवस पुरतील एवढे तांदूळ, तुरीची डाळ, वांगी, लसूण, तेलाची बाटली. बायकोनं, अल्कानं, मीठ विसरू नका म्हणून दोनदा बजावलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोघं अन् मुलगी, तिघांनी मिळून कुठे फिरायला जायची ही पहिलीच खेप. नागझिऱ्याच्या आसपास हॉटेलात उतरणं त्याला झेपणारं नव्हतं. पण जंगलाच्या कडेला उदाराम मडावी नावाच्या गाइडनं आपल्या वावरात तीन खोल्या बांधल्या होत्या. पाटीवर ‘कॉटेज’ लिहिलेलं. खोली त्याची, भांडी त्याची, चूल अन् लाकडं त्याची. शिधा आपला, आणि रांधायचंही आपणच. म्हणून ते परवडणारं.

गोंदियाहून पॅसेंजरनं सौंदडला उतरले. उदाराम शेजाऱ्याची जीप घेऊन स्टेशनवर उभाच होता. चाळिशीचा, बारीक, बोलणं कमी. वाटेत खुशबूनं, म्हणजे अश्विनच्या मुलीनं, त्याला विचारलं, “वाघ दिसल का?” तो म्हणाला, “त्याची मर्जी, बाई.” खुशबूला तेव्हा पाचवं लागायचं होतं.

त्यांना तिसरी खोली मिळाली. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, वर कवेलूचं छप्पर. सगळं नवं. दाराची चौकट तेवढी जुनी. रुंद सागवानी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. अश्विननं तिच्यावरून हात फिरवला.

“असं लाकूड आता मिळत नाही, उदारामभाऊ.”

“जुन्या घरचं हाये जी,” उदाराम म्हणाला आणि सामान आत ठेवायला लागला.

ही खोली दिवाळीनंतरच उघडली होती. आधी दोन जोडपी राहून गेली होती. लेकरू घेऊन आलेले हे पहिलेच.

संध्याकाळी अल्का चुलीपुढे बसली. गॅसवर रांधणारी बाई ती. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं, पण चूल काही पेटेना. शेवटी वैतागून बादली उचलली आणि बोअरिंगवर पाणी आणायला गेली. अश्विन आधीच तिकडे होता. हापशाचा दांडा ढिला झाला होता तो आवळून देत होता. दोघं मिळून परत आले. पाच मिनिटंही झाली नसतील.

चूल छान पेटली होती. लाकडं नीट रचलेली, जाळ एकसारखा, धूर अजिबात नाही.

“कोणी पेटवली गं?” अल्कानं विचारलं.

खुशबू खाटेवर पाय हलवत बसली होती. “आजीनं.”

उदारामची आई असेल, असं म्हणून अल्कानं भाताचं आधण ठेवलं. बरं झालं, म्हणाली, म्हातारीनं लाज राखली.

जेवणं झाली. आठच्या सुमाराला उदाराम कंदील द्यायला आला. नऊला लाइन जाते, रात्री बाहेर निघू नका, अस्वल फिरते मोहाच्या बाजूनं, असं सांगितलं. अश्विन त्याच्यासोबत अंगणापर्यंत गेला. सहज म्हणाला, “तुमच्या आईला सांगा, चूल पेटवून दिली म्हणून आमचं जेवण झालं.”

उदाराम थांबला.

“माय? माय नाई जी आता. जाऊन बारा वर्सं झाले. घरी मी अन् बायको, दोघंच.” मग विचारलं, “काऊन? कोन होतं?”

“काही नाही. पोरगी म्हणत होती.”

उदारामनं एकदा खोलीकडे पाहिलं. मग घराकडे चालू लागला.

अश्विननं अल्काला हे सांगितलं नाही. त्यानं दार लावलं. कडी चौकटीच्या पार वरच्या अंगाला होती; त्यालाही हात ताणावा लागला. अल्कानं खुशबूकडून त्रिशरण म्हणून घेतलं, रोज घेते तसं. पोर मधेच थांबली आणि चुलीकडे बघून हसली.

“काय झालं?”

“काही नाही,” म्हणाली, आणि पुढचं म्हटलं. मग तिघं झोपले. खुशबू मधे.

अश्विनला जाग आली ती थंडीनं. पायावरून वारा जात होता. मोबाइल पाहिला. बारा वाजून वीस मिनिटं.

दार सताड उघडं होतं.

कडी निघालेली. तुटली नव्हती. कोणीतरी नीट काढली होती.

त्यानं मधे हात घातला. वाकळ गरम होती. पोर नव्हती.

पुढचं सांगताना अश्विन माझ्यासमोरही अडखळला होता. अल्काला उठवलं, ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती उठून बसली आणि तोंडावर हात दाबून धरला. तो अनवाणी उदारामच्या घराकडे धावला. उदाराम जागाच होता. जणू हाक यायची वाट बघत होता. बायकोला, धनवंताबाईला, म्हणाला, तू बाईपाशी जाऊन बस. काठी घेतली, टॉर्च घेतली.

“भाऊ, उजेड खाली धरा. धुळीत पाय उमटले काय ते पाहा.”

उमटले होते. लहान पाय, बोटं स्पष्ट. खोलीच्या दारातून निघाले होते ते थेट बैलबंडीच्या जुन्या रस्त्यावर. आणि ते धावत गेलेले नव्हते. मजेत, रमतगमत, बाजूच्या माणसाचं बोट धरून चालतं लेकरू, तसे.

पण बाजूला दुसरे पाय नव्हते.

“हा रस्ता कुठे जातो?”

“बेहडाटोल्याले.”

“तिथं कोण राहतं?”

“आता कोनीच नाई.”

दोघं चालत राहिले. दोन्हीकडे साग. पानं गळायला लागली होती. एखादं पडलं तरी आवाज व्हायचा. कुठे तरी चितळ ओरडलं. मग तेही गप्प झालं. अश्विन मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होता. म्हणता म्हणता शब्द चुकत होते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

अर्ध्या कोसावर नाला लागला. मोठ्या माणसाच्या मांडीएवढं पाणी. गार. पावलं या काठाला थांबली होती.

अश्विन पाण्यात उतरला. हातांनी चाचपायला लागला. उदारामनं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि टॉर्च पलीकडे धरला.

पलीकडच्या वाळूवर तीच पावलं होती. कोरडी. कोणी उचलून पलीकडे ठेवावं तशी, दोन्ही पाय जुळवलेली.

बेहडाटोला म्हणजे आता काही नव्हतं. जोती. गवत. पडलेल्या भिंती. एक आटलेली विहीर. पार टोकाला एक घर होतं, त्याच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. आणि त्या भिंतींच्या आत…

उजेड होता.

चूल पेटली होती. एकसारखा जाळ. धूर नव्हता.

चुलीपाशी खुशबू बसली होती. मांडी घालून. डावा हात पुढे केलेला. कोणाच्या तरी मांडीवर हात ठेवावा, तसा. समोर कोणी नव्हतं.

“खुशबू…”

तिनं मान वळवली. बापाला पाहून घाबरली नाही, हसलीही नाही. ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला. आजी निजली.”

अश्विन तिथंच थांबला. तो मला म्हणाला, मला मागे पळायचं होतं. स्वतःची पोर समोर होती आणि मला मागे पळायचं होतं. हे त्यानं दोनदा सांगितलं.

उदाराम पुढे झाला. काठी खाली ठेवली. जिथे घराचं दार असायला पाहिजे होतं तिथे, दोन भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागेत, थांबला. हात जोडले. आपल्या गोंडीत काही बोलला, बराच वेळ, हलक्या आवाजात. घरच्या माणसाशी बोलतात तसं. मग अश्विनला कळावं म्हणून असेल, मराठीत म्हणाला,

“मोठे माय, पाहुन्याची पोर हाये. तिची माय वाट पाहून राहिली. घेऊन जाऊन राहिलो.”

चुलीतलं एक लाकूड आपोआप आत सरकलं. जाळ खाली बसला.

उदारामनं पोरीला उचललं, अश्विनच्या हातात दिलं. अंग गरम होतं. कपडे कोरडे. कपाळावर थोडी राख. वळले. मागे पाहू नका, म्हणाला. पाहिलं नाही. वीस पावलं गेले असतील.

मागे दार लागलं.

सागवानी दार लागतं तसं. जड. आणि वरून कडी पडली.

तिथं दार नव्हतं.

अश्विननं पोरीला छातीशी आवळलं. उदारामचा श्वास तेवढा ऐकू येत होता. नाला लागला, उतरले, चढले, आणि कॉटेजचा कंदील दिसेपर्यंत थांबले नाहीत. अल्का अंगणात उभी होती. तिनं पोर ओढून घेतली आणि तिथंच मातीत बसली.

ती रात्र सगळ्यांनी उदारामच्या घरात काढली. पहाटेकडे तो बोलला. बेहडाटोला दोन वर्षांआधी सरकारनं जंगलातून उठवून बाहेर वसवला होता. ट्रॅक्टर आले, एकेका घरचं सामान चढलं. त्याच्या मोठ्या मायला, म्हणजे बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोला, मूलबाळ नव्हतं. टोल्यातलं प्रत्येक लेकरू तिच्या चुलीपाशी जेवलेलं. तिला सगळे बोलवायला गेले. ती चुलीपुढे बसली होती. या या म्हणता म्हणता उदारामनं हात धरला, तर हात थंड. चूल अजून जळत होती. तिला तिथंच माती दिली. घराची चौकट चांगली होती, टाकून देववेना, म्हणून त्यानं आणली. तिसरी खोली बांधली तिला लावली.

“मले वाटलं, तेवढीच तिची आठवन,” उदाराम म्हणाला. “तिले काय वाटलं असल, ते मले कसं समजावं.”

पुढच्याच आठवड्यात त्यानं ती चौकट उपटली आणि बंडीवर घालून बेहडाटोल्याला नेऊन ठेवली. खोलीला लोखंडी दार बसवलं. त्यानंतर पाहुणे आले, लेकरं आली, आपलं रांधून, खाऊन, दोन दिवस राहून गेली. कोणाला काही झालं नाही. आजही खोल्या सुरू आहेत.

पण रविवारची सकाळ सांगायची राहिली.

निघायच्या आधी अल्कानं खुशबूला आंघोळ घातली. धनवंताबाईनं पाणी तापवून दिलं होतं. पोर अगदी नेहमीसारखी, पाणी उडवत होती. तिच्या डाव्या मनगटावर आतल्या बाजूनं काळपट काही लागलेलं दिसलं. चुलीची काजळी असेल म्हणून अल्कानं साबण लावला. घासलं. दगडानं घासलं. पोर कुरकुरली, कातडी लाल झाली.

ते गेलं नाही.

हिरवट निळे तीन ठिपके. खाली एक बारीक रेघ.

धनवंताबाई पाण्याचा गुंड घेऊन आली आणि उभीच राहिली. मग गुंड खाली ठेवून तिनं आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या वर सारल्या. तेच तीन ठिपके. तीच रेघ. तीच जागा.

“तुम्हाला कोणी गोंदलं होतं?” अल्कानं विचारलं.

“मोठे मायनं,” ती म्हणाली. “मी सून होऊन आली, त्या वर्सी.”

सोमवारी अश्विननं पोरीला गोंदियात चामडीच्या डॉक्टरकडे नेलं. खरं काय ते सांगितलं नाही. जत्रेत कोणीतरी गोंदलं, म्हणाला, काही जंतूबिंतू गेले नाहीत ना बघा. डॉक्टरनं काच लावून बघितलं. अंगठ्यानं दाबून बघितलं. सूज नाही, खपली नाही, दुखणं नाही. मग चष्मा काढून अश्विनला जरा रागानंच म्हणाले,

“खोटं काऊन बोलता? रंग पार आत बसून फाकला आहे. हे गोंदण निदान दहा वर्षांचं आहे.”