अंगावर उमटलेलं

खिडकीतून सकाळची उन्हं आत आली होती. आईचं अंग पुसायला लेक कोमट पाणी घेऊन बसली, झग्याची बाही वर सारली आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. म्हातारीच्या दंडावर चार बोटं उमटली होती, जांभळी.

सांभाळणाऱ्या बाईने कानांवर हात ठेवले. पण ऐकून घेईल तर लेक कसली! नाही नाही ते बोलून तिने बाईला घराबाहेर काढलं.

मग रक्ताचा रिपोर्ट आला.

"कोणी मारलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "उतारवयात होतं असं कधीकधी. रक्त गोठवणारं द्रव्य शरीर स्वतःच संपवतं. नुसता धक्का लागला तरी काळंनिळं होणार. उद्या दाखल करू. तोवर डोक्याला जपा. तिथे आत रक्त साचलं, तर माणूस हाती लागत नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि इथे तर चोरही नव्हता. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पलंगाच्या कडांना उशा लावल्या आणि आईला बोटही न लावता समोर बसून राहिली.

तरी डाग येतच होते. मनगटावर अंगठा. मग खांद्यावर पट्ट्याच्या बकलाचा चौकोन, कडा अगदी रेखीव. म्हातारी जुने फोटो बघावेत तशी ते निरखत होती.

"हा लग्नाच्या वर्षीचा... हा तू पोटात होतीस तेव्हाचा."

बाप जाऊन वर्षं लोटली होती. चारचौघांत लाखात एक माणूस म्हणून त्याचं नाव. घरात कोणी कधी ब्र काढला नव्हता.

"अजून किती राहिलेत गं?" लेकीने विचारलं.

"त्यांचे संपले."

लेकीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात म्हातारीच्या कानशिलावर काळपट छटा चढू लागली. चार बारीक बोटं, आणि त्यातल्या एकावर अंगठीच्या खड्याची खूण. लेकीने आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठी तीच होती.

"आई... मी तुला कधी मारलंय का?"

"नाही गं." म्हातारी कोपर कपाळाशी धरून भिंतीकडे सरकत होती, सवयीने. "अजून नाही... त्या बाईला बोलाव. मला तुझ्याजवळ एकटीला ठेवू नकोस..."

लेक फोन घ्यायला उठली. तिचा तळहात मघापासून झणझणत होता, जोरात थप्पड मारल्यावर झणझणतो तसा.