चारशे बारा खड्डे, एक पाय

पाहणीचे कोरे फॉर्म जयवंतच्या बॅगेत गठ्ठ्याने असायचे. त्यातला एक मी ढापला. दहा रकाने आहेत. मी माझ्या क्रमाने भरणार, नको ते सोडून देणार. मला कोण विचारतंय?

रकाना ५ — सद्यस्थिती

एक पाय गुडघ्यापर्यंत खड्ड्यात. छत्री उलटी. हातातली मोजपट्टी चिखलात.

ही जयवंतची सद्यस्थिती. १९८६ चा जुलै, वेसाव्यातलं आमचं खळं, आणि मी डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजाराला निघालेली.

"देवा म्हाराजा... मेलंय!" तो ओरडला.

"मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत."

त्याने मान वर केली. चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि थेंबांच्या मागे डोळे — घाबरलेले, पण हसायला तयार.

"अहो, जरा हात देता का?"

"हात देते. चप्पल मिळायची नाही. ती खड्ड्याने घेतली."

मी पाटी उतरवली, ओढलं. पाय आला. चप्पल खरंच नाही आली.

"रस्त्यात खड्डा कुणी खणला हा?"

"माझ्या आजोबांच्या आईने."

तो खो खो हसला. त्याला वाटलं, मी मस्करी करतेय.

चूक झाली ती तिथे.

रकाना ६ — सध्याचा वापर

नाही.

(हे त्याने भरलेल्या फॉर्मवरून उतरवलं. तिथलं त्याचं अक्षर टपोरं, देखणं. पाहून राग यावा इतकं देखणं.)

रकाना १ — नाव आणि माहिती

जयवंत धोंडू पेडणेकर. वय पंचवीस. घर घाटकोपरला. काम ड्राफ्ट्समनचं, सहा महिन्यांच्या करारावर. शहरातल्या जुन्या, जपण्यासारख्या जागांची यादी एक संस्था करत होती, आणि हा गावोगाव फिरून त्या जागा मोजून कागदावर काढायचा. आमच्याकडे त्याने देवीचं देऊळ काढलं, किरिस्तांवांच्या आळीतला दगडी क्रूस काढला, गोड्या पाण्याची विहीर काढली. या तिघांच्या मधे जे मोठं खळं आहे, जिथे आम्ही बोंबील सुकवतो, तिथे त्याने चौकोन काढला. आत लिहिलं, 'मोकळा भूखंड. वापर नाही.'

त्याचं तरी काय चुकलं? पावसात खळं मोकळंच असतं. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झोपलेल्या, आणि वलांड्या — म्हणजे बोंबील टांगायची बांबूची मांडणी — सोडून घराच्या पडवीत रचलेल्या. शाळा सुट्टीत बघून एखाद्याने लिहावं, इथे मुलं शिकत नाहीत, तसं झालं.

पण कागद पुढे गेला. पंधरा दिवसांनी मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. मोकळा भूखंड, म्हणून तिथे चार इमारती आणि रस्ता. हरकत असेल तर महिन्याभरात कळवा.

देऊळ वाचलं, क्रूस वाचला, विहीर वाचली. मधली आम्ही माणसं — वापर नाही.

रकाना ३ — मालक

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी तो क्रूसाचं नक्षीकाम उतरवायला आला. नवी चप्पल घालून. मी नोटीस त्याच्या चष्म्यासमोर धरली.

"वाच."

त्याने वाचलं. कानापर्यंत लाल झाला.

"हे... माझ्या शीटवरून?"

"तुझ्या शीटवरून. झकास काढलीस हां. आमची वाट लागली त्यात." अहोजाहो कधी गळून पडलं, मलाही कळलं नाही. "चल. हात घाल या खड्ड्यात."

"आधी पाय, आता हात?"

"घाल म्हणते ना!"

त्याने बाही वर केली. खड्ड्यातून जुन्या जाळ्याचा बोळा निघाला. त्याखाली दगडांची गोल कड, नीट बसवलेली. तो बघतच राहिला.

"पावसात खड्डा बुजू नये म्हणून जाळं कोंबतो," मी म्हटलं. "दसऱ्याला बोळा काढायचा, बांबू रोवायचा. त्याच जागी. दर वर्षी. प्रत्येक ओळ एकेका घराची. आई ती सुनेला देते, नाहीतर लेकीला. ही आमची. पुढची फिलोमेनाआंटीची. किती पिढ्या, ते आता देवीला विचार नाहीतर क्रूसाला."

त्याने दगडांवरून बोट फिरवलं. मग एकदम म्हणाला, "मंजुळा, ही इमारत आहे."

"कुठे?"

"इथे. आठ महिने उभी असते, चार महिने उतरवून ठेवतात. आणि हे खड्डे... हा तिचा पाया." त्याने पट्टी काढली. चिखल लागला होता. स्वतःच्या शर्टाला पुसली, आणि शून्याचं टोक मला दिलं. "धर."

वर्षभर माझ्या हातांना मासळीचा वास. आणि हा पट्टी पुसून देतोय!

रकाना ४ — मोजमाप

नऊ दिवस. सोसायटीच्या हरकतीला नवा नकाशा जोडायचा, म्हणून.

तो बाजाराच्या वेळा टाळून यायचा, किंवा मी बाजार टाळायचे. पाऊस असला की छत्री कागदावर, आम्ही दोघं बाहेर.

"मोठ्याने सांग."

"पाच फूट दोन इंच."

"खड्ड्याचं विचारतोय, तुझी उंची नाही."

"माझी उंची पाच एक आहे. पण तू लक्ष देऊन बघितलं कुठे!"

पेन्सिल थांबली. "बघितलं," तो कागदाकडे बघत म्हणाला.

माझी आई, सखुबाई, पायरीवर बसून त्याला सगळं सांगायची. कुठली ओळ कुणाची, वारा कुठून, बोंबील कसे टांगतात. तो शब्दन् शब्द शीटवर लिहायचा.

"खल्यातला पैला बांबू जोरप्यानंच रोवाचा," आई म्हणाली. "पुरुषानं उचलाचा, बायेनं बुंधा बसवाचा. तवर बाकी कोनी रोवाचा नाय. माजा घरवाला व्हता, तवर तो मान आमचा. आता लहूभावजी नि त्यांची बायको रोवतान."

त्याने तेही लिहिलं. मग मला हळूच विचारलं, "जोडपं म्हणजे लग्न झालेलंच लागतं?"

"ठरलेलं असलं तरी चालतं. का रे? कुणासाठी विचारतोस?"

"शीटसाठी," तो म्हणाला. पण पेन्सिल उलटी धरली होती.

एकदा मी विचारलं, "तुझ्या साहेबांना सांगितलंस का, तुझीच शीट चुकली म्हणून?"

"सहीनिशी लिहून दिलं."

"मग?"

"हरकत फेटाळली गेली तर माझा करार इथेच संपला." चष्मा पुसता पुसता तो म्हणाला, "माझे बाबा गिरणीत होते, मंजुळा. संपानंतर साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या दारावर वॉचमन. त्यांच्या गिरणीची चिमणी आमच्या यादीत आहे. मीच काढली. बाबा कुठल्याच यादीत नाहीत... हे परत नाही करायचं मला."

मी पट्टीचं टोक घट्ट धरलं. पुढचा आकडा मोठ्याने सांगितला.

एकूण खड्डे : चारशे बारा. चारशे अकरा पट्टीने मोजले. एक त्याने आधीच पायाने मोजला होता.

रकाना ७ — तारीख

नारळी पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी नलिनीमॅडम पाहणीला आल्या. नियोजन खात्याच्या अधिकारी. राखाडी साडी, काळी छत्री, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

होड्या समुद्रात. गावातले पुरुष होड्यांवर. खळ्यात आम्ही साठ-सत्तर बायका, बारीक पाऊस, आणि चिखल.

जयवंतने नकाशा उघडला. पांढऱ्या कागदावर चारशे बारा ठिपके.

"ठिपके दिसतात," मॅडम म्हणाल्या. "वापर कुठे दिसतो? मी जे समोर दिसेल तेच लिहिणार."

"मग आत्ताच उभं करून दाखवतो!" मी म्हटलं.

बायका धावल्या. पडव्यांतून बांबू आले, बोळे निघाले. आमच्या ओळीतही, आंटीच्या ओळीतही. आणि मग... सगळं थांबलं. प्रत्येक खड्ड्याशी एक बाई, हातात बांबू, आणि एकही बांबू खाली जाईना.

पहिला बांबू. जोडपं.

"लहूकाका?" मी आईला विचारलं.

"दर्यान," आई म्हणाली.

"तुमचे अंकल, आंटी?"

"ते बी बोटीवर गं!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "काय अडलंय?"

काय सांगणार? दसऱ्याच्या आधी, भर पावसात बांबू काढले, एवढं मोडलं ते खूप होतं. तेवढं एक या बायका मोडणार नव्हत्या. खळं गेलं तरी नाही.

तेव्हा माझ्या हातातला बांबू हलका झाला. मागे वळून पाहिलं. दुसऱ्या टोकाला जयवंत. चप्पल काढून, पँट दुमडून, बांबू छातीशी धरलेला.

"सोड," मी कुजबुजले. "वेडा आहेस का? याचा अर्थ काय होतो, माहीत आहे?"

"शीट नंबर चार. माझंच अक्षर आहे."

"जयवंत, सगळं गाव बघतंय..."

"मग बरंच. साक्षीदार वेगळे शोधायला नकोत." मग त्याने आवाज खाली आणला. "खळ्यासाठी नाही धरलाय गं. खळ्यासाठी हात दिला असता, जोडपं म्हणवून घेतलं नसतं. तू नाही म्हण, मी बाजूला होतो. बांबूचं काहीतरी बघू."

पाऊस. मॅडमची छत्री. साठ-सत्तर बायका, साठ-सत्तर बांबू.

"मी माझी ओळ सोडून घाटकोपरला येणार नाही," मी म्हटलं.

"मी कुठे म्हटलं ये? वेसाव्याहून बस आहे की."

मी आईकडे बघितलं. आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बोंबील साफ करता येतान काय रं?"

"नाही, आई."

"शिकंल," आई मला म्हणाली. "बस खाली."

मी चिखलात बसले. त्याने बांबू उचलला. बुंधा मी दोन्ही हातांनी दगडांच्या मधे नेला, आणि तो असा खाली गेला — खट्! जसा खड्डा वाट बघत होता.

मग काय विचारता! फिलोमेनाआंटीने "जेजू!" म्हणून आरोळी ठोकली, आमच्या बायकांनी देवीचं नाव घेतलं, आणि खट्, खट्, खट्, सगळं खळं वाजायला लागलं. उभे बांबू, आडवे बांबू, काथ्याच्या गाठी. तासाभरात डोक्याएवढी उंच, ओळीमागे ओळ, जमिनीतून एक अख्खी वास्तू वर आली. मॅडम नकाशा हातात धरून ओळींतून चालल्या. मधेच थांबून बोट ठेवायच्या, मोजायच्या. एक ठिपका चुकला नाही.

शेवटी पेन काढलं. जयवंतच्या जुन्या फॉर्मचा रकाना सहा. 'नाही' हा शब्द खोडला. दोनदा.

"काय लिहू?" त्यांनी जयवंतला विचारलं.

"यांना विचारा," तो म्हणाला.

"चालू," मी म्हटलं.

रकाना ९ — शेरा

दसऱ्याच्या चार दिवस आधी सोसायटीच्या फळ्यावर नवा कागद लागला. इमारती रद्द. रस्ता देवळामागून. खळं यादीत, देऊळ, क्रूस आणि विहिरीच्या शेजारी. जयवंतचा करार दोन वर्षांनी वाढला. पुढे मढ, मग गोराई. त्याला सांगितलंय, आधी बघ कुठल्या महिन्यात जातोयस.

आज पहिले बोंबील आले. ते जोडीने टांगतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि दोरीवर टाकायचे. जयवंतची पहिली जोडी पडली. दुसरी पडली. तिसरीला दात लागून बोट फाटलं. आई पायरीवरून ओरडतेय, फिलोमेनाआंटी हसून बेजार.

चौथी राहिली. खाडीवरून वारा आला, जोडी हलली, गरगर फिरली...

सुटली नाही.

रकाना १० — पाहणी करणाऱ्याची सही

दोघांचेही हात बरबटलेत, पेन धरवत नाही. म्हणून खाली दोन अंगठे. वास घेऊन बघा, खरे आहेत.