तिसरा ठोका

आंधळगावात माग बंद पडला की घर मुकं होतं. तेजरामच्या घरी त्याची बायको रुपा गेल्यापासून दोन महिने ठोका नव्हता. तो नुसता सूत गुंडाळून कांड्या भरायचा, विणायची ती. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की विणणारं माणूस गेलं तर तेरवीआधी त्याच्या जागी बसून मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, कापून टाकायचा, नाहीतर त्याचा जीव मागात अडकतो. तेजरामने कापला नव्हता. टसर रेशमाची ती अर्धी साडी रुपाच्या हातची शेवटची. तिला कात्री लावायला त्याचं मन धजेना.

"तेरवी होऊन गेली, अजून ताणा काहून नाही कापला तू?" थोरली बहीण शकुनबाई येता-जाता विचारी.

"कापतो ना, बाई."

एका दुपारी जेवण आटोपून तो टीव्हीसमोर बसला. गावच्या केबलवर अंतराळातला कसलासा पिक्चर लागला होता. यानात माणूस एकटाच. बाहेरच्या काळोखात त्याची मेलेली बायको दोरीच्या टोकाला तरंगत होती. सुरी घेऊन तो दोरीपाशी जाई आणि रडत परत येई. तेजरामचे डोळे भरून आले. इतक्या लांब जाऊनही माणसाचं हेच, असं त्याला वाटलं.

मग बाहेर बायकोचा हात हलला. दोरी धरून ती यानाकडे सरकू लागली. तिने दारावर हात मारला.

खट, खट... खट.

तेजरामच्या हातून तंबाखूच्या खर्र्याची पन्नी गळून पडली. रुपाचा डावा पाय अधू होता. मागाची पावडी पायाने दाबताना तिचा तिसरा ठोका नेहमी मागे राही. गल्लीच्या टोकावरून ओळखू येई.

त्याने केबलवाल्याला फोन लावला. "कैलाश, कोणता पिक्चर लावला रे हा? याचा आवाज..."

"आवाज कुठचा, काका? सीडी खराब हाये. सकाळपासून मुकाच चालून राहिला."

तेजरामने टीव्ही बंद केला.

खट, खट... खट.

मागच्या खोलीतून.

कात्री घेऊन तो उठला. उंबऱ्यावर येताच ठोके थांबले. मागावर कोणी नव्हतं. साडी मात्र चार बोटं वाढली होती.

तो रुपाच्या जागी, मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्याच्या काठावर बसला. कात्री ताण्याला टेकवली.

"जाय आता, रुपा," तो म्हणाला. हात हलेना.

त्याने खाली पावडीवर पाय ठेवला.

तिथे आधीच एक गार पाय होता. तेजरामच्या पायाला जागा व्हावी म्हणून तो जरासा सरकला.